पिलारच्या तळहातावरचं दही

कराडहून निघाले तेव्हा ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता आणि आक्का, माझी थोरली बहीण, माझा हात काही सोडत नव्हती. तिनं तळहातावर ठेवलेलं दही-साखर मी चाटून टाकलं आणि म्हटलं, "आक्का, जाते आता." तशी ती कडाडली, "जाते काय म्हणतेस? येते म्हण." म्हटलं येते. नवरा गेल्यावर मुलाकडे कायमची निघालेली बाई मी, कुठली लवकर येतेय? दोघींनाही ठाऊक होतं. तरी म्हटलं.

आता मेलबर्नच्या ट्रुगानिना भागात राहते, निखिलकडे. तो आणि सून सकाळी "सी या, आई" करून शिफ्टला जातात आणि दार आपोआप लॉक होतं. पहिल्या वर्षी तो आवाज झाला की मी उठून दार उघडून बघायची. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना हे सांगायला नको, आणि तिकडे राहिलात त्यांना सांगून कळायचं नाही.

माझा जीव रमला तो शेजारच्या पिलारमुळे. पिलार चिलीची, माझ्याच वयाची, तीही मुलाकडेच राहते. लायब्ररीतल्या इंग्लिश क्लासला आम्ही दोघी बरोबर जायचो. तिथल्या टीचरनं एकदा प्रत्येकीला विचारलं, तुमच्या भाषेत निरोप घेताना काय म्हणतात? पिलार उठली. म्हणाली, आमचं स्पॅनिश 'आदिओस' म्हणजे 'आ दिओस', देवाकडे. पूर्वी लोक अख्खं वाक्य म्हणायचे, तुला देवाच्या हवाली करते. ते झिजत झिजत एवढंच उरलं. पोर्तुगीजांचं 'अदेउश', फ्रेंचांचं 'आद्यू', सगळी एकाच घरची भावंडं. आणि रोजचं 'चाव' आलं इटलीतून, व्हेनिसकडून. त्याचा मूळ अर्थ, मी तुमचा दास.

मी तिला म्हटलं, "म्हणजे रोज गेटपाशी चाव करतेस तेव्हा माझी दासी होतेस होय? मग ये उद्या भांडी घासायला."

"चाव तूही करतेस. आधी माझी घास."

मग मी आमचं सांगितलं. वडील येताना रामराम करायचे, निघतानाही रामरामच. आणि आम्ही बायका निघताना 'येते' म्हणतो. तिला ते फार आवडलं. पण घरी परतताना ती एक बोलली, ते माझ्या डोक्यात बसलं. "आमच्या घरी आदिओस रोज म्हणत नाहीत. पुन्हा भेट होईल की नाही, अशा वेळी म्हणतात. मी चिली सोडली तेव्हा आई म्हणाली होती." त्यानंतर त्या मायलेकींची भेट झाली नाही.

ह्या हिवाळ्यात पिलारच्या हृदयाची झडप बदलायची ठरलं. किती महिने तारखेची वाट बघत होते ते लोक. त्या दिवशी सकाळी तिचा मुलगा रोद्रिगो गाडीत बॅग ठेवत होता आणि मी वाटीत दही-साखर कालवून धावत गेले. ऑपरेशनला निघालेल्या माणसाला उपाशी ठेवतात हे मला कळत नाही का? कळतं. पण आपल्याकडे परीक्षेला निघा, प्रवासाला निघा, हातावर दही. माझा हातच आधी पुढे गेला. पिलारनं तळहात पसरला, मी चमचाभर दही ठेवलं, ती हात तोंडाशी नेते न नेते तोच रोद्रिगो ओरडला, "ममा, नो!"

तो धावत आला. "डिड यू ईट? टेल मी. दे विल कॅन्सल इट." पिलारनं मान हलवली, तळहात दाखवला. दही जसंच्या तसं होतं. त्यानं टिश्यूनं तिचा हात खसाखसा पुसला. माझ्याकडे न बघताच गाडीचं दार उघडून धरलं, तेच जास्त लागलं. पिलार गाडीत बसली, काच खाली केली, माझ्याकडे बघून म्हणाली, "आदिओस, शालू."

चाव नाही म्हणाली.

गाडी वळली तरी मी वाटी घेऊन ड्राइव्हवेवर उभीच. जन्मभर निघणारी मी. माहेरातून निघाले, कराडातून निघाले. मागे उभं राहायचं कसं असतं ते त्या दिवशी कळलं.

घरात येऊन वाटीवर ताटली घातली. पोळ्या करायला घेतल्या, त्या करपल्या. फोन शेजारीच, पण वाजेना. शेवटी मीच कराडला लावला. आक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"ऑपरेशनच्या बाईला दही? शाले, म्हातारी झालीस तरी घाई जात नाही तुझी."

"आक्का, हातावरचं दही पुसलं गेलं गं तिच्या."

तिनं तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "तू गेलीस त्या दिवशी वाटीत बरंच उरलं होतं. ते मी खाल्लं, उंबऱ्यावर बसून. आई पण तसंच करायची. निघणाऱ्याचं चमचाभर, बाकीचं वाट बघणाऱ्याचं. खा ते आणि गप बस."

इतक्या वर्षांत हे मला कधी बोलली नव्हती. ताटली काढली. दह्याला पाणी सुटलं होतं. उभ्यानंच खाल्लं, फोनकडे बघत.

संध्याकाळी रोद्रिगोची गाडी आली. एकटाच उतरला आणि सरळ आमच्या दाराशी आला. त्याच्या चेहऱ्यावरून काही समजेना.

"शी इज अवेक, आंटी," तो म्हणाला. "अँड... सॉरी अबाउट द मॉर्निंग."

"नो वरीज," मी म्हटलं आणि तिथंच पायरीवर बसले.

पिलार घरी आल्यावर मी विचारलंच. "आदिओस का म्हणालीस गं मला? जीव अर्धा झाला माझा."

"मला बघायला तिथं डॉक्टर होते," ती म्हणाली. "तुझा चेहरा बघितला. तुला बघायला कोण होतं? म्हणून तुला देवाच्या हवाली केलं."

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून कराडच सांगते. तिथं माझ्यामागे राहिलेलं दही आक्कानं खाल्लं. पण पिलारच्या मागचं मी इथं खाल्लं, तेव्हापासून हेही घर माझं झालं. दाराच्या लॉकचा आवाज झाला तरी आता मी उठून बघत नाही.

परवा तिचा चेकअप होता. रोद्रिगोनं हॉर्न वाजवला, तिनं न ऐकल्यासारखं केलं. हळूहळू चालत माझ्या गेटपाशी आली आणि तळहात पुढे केला.

"येते," म्हणाली.

मी वाटी आणायला आत वळले.