सशाची जागा

मंचरला माझ्या छापखान्यात एक शेठ भांड्यांच्या रिठा-साबणाची लेबलं छापायला येतात. खुर्चीवर मुंगी नाही ना, हे वाकून बघितल्याशिवाय बसत नाहीत. बोलणं कायम "कसंय राव"नं सुरू.

मी सुचवलं होतं, "प्राण्यांवर चाचणी नाही असं लिहून ससा छापू. सगळेच छापतात."

"कसंय राव, माझ्या साबणाची कसलीच चाचणी न्हाई झाली अजून. गिऱ्हाइकाचे हात सोलले, तर गिऱ्हाईकच ससा झालं की."

त्यांनी साबण पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडला. तिथं माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या कातडीवर तो तपासला. नापास झाला, वासाचं तेल झोंबत होतं. गिऱ्हाईक त्या वासावरच खूश होतं, तरी शेठनी तेल काढलं आणि साबण पुन्हा धाडला.

काल आले. वाकून मुंगी बघितली, पण बसले नाहीत.

"पास झाला. आता ससा छापा. लई मोठा छापा."

"जागा कुठंय, शेठ? मधोमध तुमचा फोटो आहे."

"कसंय राव, मला तर अख्खं मंचर ओळखतं. माझ्या जागी ससा बसवा."