आबांचे रविवार

आबांनी मला गॅस पेटवू दिला नाही, तो शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून मी साडेपाचला उठले होते. चहासाठी लायटर हातात घेतला आणि मागून येऊन त्यांनी माझं मनगट धरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा हात, पण पकड घट्ट होती.

"आज इस्तव पेटवायचा न्हाई," ते म्हणाले. "शब्बाथ हाय."

मला आधी वाटलं, झोपेतच बोलतायत. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना मी रागावलेलं पाहिलं होतं, आई गेली तेव्हा रडतानाही पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी लायटर खाली ठेवला आणि तशीच बिनचहाची शाळेत गेले.

आम्ही साताऱ्याचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तिथं सुट्टी प्रत्येकाला वेगवेगळ्या वारी मिळायची, आबांच्या वाट्याला गुरुवार आला होता. त्यांना मात्र रविवार हवा असायचा. तो मिळावा म्हणून ते दर आठवड्याला कुणाशी तरी ड्युटी बदलून घ्यायचे. बदल्यात त्या माणसाची दिवाळीची ड्युटी आबांची, पाडव्याची आबांची, गावच्या जत्रेची आबांची. दुसऱ्यांच्या सगळ्या सणांना आमचे वडील गाड्यांच्या खाली असायचे. पण रविवारी सकाळी रॉकेलनं हात घासून, पांढरा शर्ट घालून ते देवळाचं, म्हणजे आमच्या चर्चचं, कुलूप उघडायला सगळ्यांच्या आधी हजर. निवृत्तीपर्यंत त्यांनी हे असंच चालवलं.

माझा धाकटा भाऊ सांगलीला असतो. हळदीच्या व्यापाऱ्यांचा माल टेम्पोनं पोचवतो. दोन वर्षांपूर्वी तो तिथल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागला. ती मंडळी शनिवारी जमते. त्यांचं म्हणणं असं की देवानं सातवा दिवस विसाव्याचा, शब्बाथ म्हणून पवित्र ठरवला, सातवा दिवस म्हणजे शनिवार, आणि तो बदलायचा अधिकार कुणालाच नव्हता. आमच्याकडचे म्हणतात, प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी, रविवारी, मरणातून उठला म्हणून आपण त्या दिवशी जमतो, आणि आपण आता जुन्या करारातल्या नियमशास्त्राखाली नाही. हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलेय. पाहुणे आले की जेवण झाल्यावर तो निघायचा, दोन्हीकडची वचनं निघायची आणि बडीशेप खाऊन सगळे आपापल्या घरी जायचे. त्यात भ्यायचं काही असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

भाऊ आबांना रोज फोन करायचा. मला बरं वाटायचं, म्हातारपणी बोलायला कुणीतरी आहे म्हणून. तो मोबाइलवर कसलेकसले व्हिडिओ पाठवायचा, आबा कानात इयरफोन घालून दुपारभर ते बघत बसायचे. एकदा मी वह्या तपासत होते तर माझ्यासमोर येऊन बसले, चष्मा काढला आणि कपाळ पुढं केलं.

"बघ गं, काय दिसतंय का."

मी म्हटलं, काय दिसायचंय? ते हळू आवाजात म्हणाले की शेवटच्या काळात रविवार पाळणाऱ्यांच्या कपाळावर खूण उमटणार आहे. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी बोटांनी स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं आणि उठून गेले. त्यानंतर किती तरी दिवस मी त्यांना येताजाता आरशापाशी उभं राहिलेलं पाहत होते.

गॅसचा प्रकार झाला त्याच्या पुढच्या शनिवारी मी साडेबाराला शाळेतून आले, तर आबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. शर्ट घामानं भिजला होता. मला बघून त्यांनी विचारलं, "कोण पायजे तुमाला?" त्यांना मधुमेह आहे. सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि शब्बाथाचा उपास म्हणून पोटात काहीच घातलं नव्हतं. मी ओरडले तशी शेजारच्या मावशी धावत आल्या. आम्ही दोघींनी त्यांच्या ओठांना आतून साखर चोळली आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं.

मी भावाला फोन लावत होते. तो बंद. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत तो फोन बंद ठेवतो. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी किती वेळा नंबर लावला, कोण जाणे. अंधार पडल्यावर त्याचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला की देव आबांना जागं करतोय. मी फोन कापला. राग होताच, पण त्याच्याखाली भीती होती. आपला सख्खा भाऊ असं बोलू शकतो, याची.

आबा चार दिवसांनी घरी आले आणि घरी आल्यावर जास्तच खचले. त्यांना वाटत होतं ही शिक्षा आहे, आणि अजून पुरी झालेली नाही. आमच्या चर्चचे पाळक भेटायला आले, तासभर बसले, फार नीट समजावलं. आबा प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणाले. पाळकांची गाडी वळणावरून गेली आणि आबांनी मला विचारलं, "पन त्यांचंच चुकत असलं तर?"

त्या आठवड्यात मी बायबल काढून दोन्ही बाजूंची वचनं वाचली. मी चौथीच्या मुलांना शिकवते, एखादी गोष्ट दोनदा वाचली की कळते असा माझा विश्वास. इथं जितकं वाचावं तितकी मलाच भीती वाटू लागली.

गुरुवारी आबा म्हणाले, "मी मरनाला भीत न्हाई. पन वर गेल्यावर त्यानं इचारलं, तुला सांगितल्याला दिवस कुठाय, तर काय सांगू? मी लय भ्यालोय गं."

शुक्रवारी त्यांनी सांगितलं की उद्याही ते जेवणार नाहीत. मी शाळेला रजा टाकली. शनिवारी सकाळी त्यांचं इन्सुलिन माझ्याकडे काढून घेतलं आणि डॉक्टरांना फोन करून काय करायचं ते विचारून ठेवलं. मावशींना म्हटलं, जबरदस्ती करावी लागली तरी करा, पण यांना जेवू घाला. मावशी शेतकरी घरच्या, नवरा फौजेतून आलेला, बाई खमकी. त्यांनी एवढंच विचारलं, "आन् तू कुठं?" मी सांगितलं, भावाला आणायला.

सांगलीपर्यंतचे तीन तास मी खिडकीच्या दांड्याला धरून बसले होते. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं, मला काही दिसलं नाही. माझ्या मागं आबांना काही झालं तर, हे एकच डोक्यात.

मंडळी एका निवृत्त रेल्वे गार्डच्या घरात जमत होती. मागच्या गल्लीत हळदीची गोदामं होती, हवेला तोच वास. पंचवीसेक माणसं सतरंजीवर बसलेली. मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर दिसेल. पण तीच गीतं चालली होती जी आम्ही रविवारी गातो, त्याच चालीत. भाऊ पुढं बसला होता. मी दाराशी बसले. प्रार्थना संपल्यावर त्यानं मागं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आबा?" एवढंच तो म्हणाला.

"आबा आहेत," मी म्हटलं. "पण तू त्यांना जे भय घातलंयस, ते माझ्यानं निघत नाही. तूच येऊन काढ. आत्ता."

तो म्हणाला, दिवस मावळला की लगेच निघतो. मी म्हटलं, मावळायला आठ तास आहेत आणि त्यांनी कालपासून अन्न सोडलंय. आमचा आवाज वाढला असावा, कारण ज्यांचं घर होतं ते काका जवळ आले. सत्तरीपलीकडचे, किडकिडीत, कानात मशीन. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं. उपास, इन्सुलिन, कपाळावरची खूण. ऐकता ऐकता ते भावाकडे वळले.

"हे मी तुला कवा शिकवलं?"

भाऊ मग जे बोलला ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. तीन वर्षांपूर्वी मलकापूरजवळ त्याच्या टेम्पोला अपघात झाला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याचा जोडीदार ड्रायव्हर त्यात गेला. पण जोडीदार म्हणत होता सोमवारी जाऊ, आणि भावानंच हट्ट करून त्याला त्या दिवशी गाडीवर बसवलं होतं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तो शनिवार होता, आक्का," तो म्हणाला. "मी झोपलो होतो आन् तो चालवत होता. हितं आल्यावर मला कळलं, का झालं ते. आबांचं तसं व्हऊ नये म्हणून सांगत होतो."

काकांनी आपल्या मुलाकडून गाडीची चावी मागून घेतली. भावाला म्हणाले, "चल. आजाऱ्याकडं जायला आजच्यापरास चांगला दिवस न्हाई."

तीनला आम्ही साताऱ्यात पोचलो. दारात मावशी उभ्या होत्या. म्हणाल्या, दोन घास खाल्ले, तेही मी रडायला लागले तेव्हा. आबा पलंगावर होते. भावाला बघून त्यांना आनंद झाला. मग सोबत कोण आलंय हे कळल्यावर त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. न्यायाधीश घरी आला असं त्यांना वाटलं असेल.

काकांनी दिवसाचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारलं, "तुमी एसटीत व्हता म्हनं. मग रविवार कसा मिळायचा?"

आबा आधी एका शब्दात उत्तरं देत होते. मग ड्युटी बदलण्याचं निघालं. दिवाळीची कुणाची, पाडव्याची कुणाची. काका म्हणाले, रेल्वेतही तेच. शनिवार मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे रविवार केले होते. आबा किंचित हसले. दोन म्हातारे बराच वेळ फक्त साहेबांविषयी बोलत होते, कोणता बरा आणि कोणता खडूस.

आणि मध्येच आबा थांबले. "मग माझं रविवार वाया गेलं का?"

भाऊ भिंतीशी उभा होता. काकांनी खोटं बोलावं असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं.

"माझं इचाराल तर शनिवारच खरा," काका म्हणाले. "ते मी बदलनार न्हाई. पन तुमी रविवार कुनाला दिलं व्हतं?"

"प्रभूला."

"मग ते त्याच्यापाशी हायेत. दिल्यालं तो फेकून देत आसंल आसं मला न्हाई वाटत. तुमाला वाटतंय?"

आबांनी चादर खाली केली आणि मावशींना म्हणाले, आमटी राहिली असली तर द्या. काकांनीही पान मांडून घेतलं. जाताना त्यांनी आबांसाठी प्रार्थना केली, आणि आबांनी त्यांच्यासाठी.

आबांची भीती त्या दिवसात सगळी गेली असं म्हणणं खरं होणार नाही. अजून कधीतरी ते येताजाता आरशापाशी थांबतात आणि मला कळतं. पण ते रोज वेळेवर जेवतात आणि रविवारी काठी टेकत देवळात जातात. शनिवारवाल्या माणसाला घरात प्रार्थना करू दिली म्हणून आमच्या मंडळीतली काही माणसं माझ्याशी नीट बोलत नाहीत. मला त्याचीही भीती वाटत होती, ती आता सवयीची झालीय.

पुढच्या महिन्यात भावानं विचारलं, मलकापूरला माझ्याबरोबर येशील का. जोडीदाराचं घर तिथंच होतं, त्याच्या बायकोला भाऊला भेटायचं होतं आणि एकट्याला जायचा धीर नव्हता. ऊसशेतीचं घर, ओट्यावर कडबा रचलेला. दारात पोचलो तेव्हा तो एवढा घामाघूम झाला होता की मला आबांचीच आठवण झाली. तिनं बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्यानं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. हट्ट आपला होता, आणि तो शनिवार होता.

तिनं पदर सारखा केला.

"हट्टाचं त्यांनी मला निघताना सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "शिव्या घालत गेलं तुमाला, हसत हसत. वार माझ्या ध्यानात न्हाई. आमच्यात तिथी धरत्यात."

भाऊ ओट्यावर बसला. ती आत जाऊन चहा घेऊन आली आणि आम्ही तो प्यालो. निघताना तिनं त्याला सांगितलं की पुढच्या महिन्यात श्राद्ध आहे, यायचं असेल तर ये.

परतताना कऱ्हाडच्या स्टँडवर मी त्याला विचारलं, शनिवार सोडणार का. तो म्हणाला, "न्हाई. मला तो खरा वाटतो. पन भ्याल्याबिगर पाळता येतो का, बघतो." सांगलीची गाडी लागली तसा तो उठून गेला. मी साताऱ्याच्या फलाटावर उभी राहिले.

आता शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तो मला एक फोन करतो, आबांनी इन्सुलिन घेतलं का आणि त्यावर काही खाल्लं का, एवढं विचारायला.