दाढीच्या पात्यांचा डबा

समोरच्या घरातल्या निवृत्त कारकुनाशी माझं वैर जडलं ते एका लाल ठिपक्यावरून. वैरच म्हणतो मी. भांडण मिटतं. आमचं मिटलं नाही, आणि मिटायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा केदारखेड्याचा. जालन्यात टेलिफोन खात्यात नोकरीला होतो आणि जुन्या जालन्यातल्या एका बोळात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको राहत होतो. लोखंडाच्या भट्ट्यांसाठी गावात बाहेरदेशचं भंगार उतरायचं. त्या ढिगात मला मालावरच्या काळ्या रेघा वाचून दुकानात बिल करायचं एक मोडकं यंत्र सापडलं. आतली काचेची नळी आणि तिला वीज देणारी डबी मात्र शाबूत होती. घरी आणून जोडली, तर नळीच्या तोंडातून सुतासारखा बारीक लाल किरण निघाला. लेझर मी तोवर चित्रातच पाहिला होता.

मग मला नादच लागला. रेडिओच्या स्पीकरवर आरशाचा तुकडा चिकटवून किरण त्यावर सोडला, की गाण्याबरोबर भिंतीवर लाल वेटोळी नाचायची. एरवी माझ्या खटपटींवर करवादणारी बायकोसुद्धा हातातलं काम टाकून बघत बसायची. पण आरसा जरा सरकला, की किरण त्याच्या बाजूनं निसटून थेट खिडकीबाहेर जायचा. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बोळ अरुंद, आणि आमच्या खिडकीसमोर बरोबर कारकुनाच्या सुनेची खोली.

एका संध्याकाळी कारकून आमच्या दारात येऊन उभे राहिले. मागं बोळातली पाचसात माणसं.

"काय धंदे करून राह्यले हो तुम्ही? सुनेच्या खोलीवर बत्ती मारता?"

"काका, प्रयोग करत होतो. चुकून तिकडं गेला असंल किरण."

"प्रयोग!" ते मागं वळून लोकांकडं बघत म्हणाले. "घरात बायको असून ह्याला असले प्रयोग लागतात. शरम बिलकुल न्हाई."

मी माफी मागणारच होतो. पण आत पोळ्या लाटणारी बायको हे ऐकत होती. तिचं लाटणं थांबलेलं मला कळलं आणि माफी माझ्या तोंडातून निघेना. "निघा इथून," एवढंच म्हणालो आणि दार लोटलं.

त्याच आठवड्यात मी किरण अडवायच्या कामाला लागलो. त्यांच्यासाठी नाही. ह्या माणसाला पुन्हा माझ्या दारात यायला कारण म्हणून ठेवायचं नव्हतं. आधी एका फळीला काळा ऑइलपेंट दिला. तो इतका चकचकीत वाळला, की किरण त्यावरून उडून छतावर ठिपका पडला. मग पत्रा घेतला आणि रॉकेलच्या चिमणीवर धरून त्याला काजळी चढवली. ती बरी होती, पण बोट लागलं की निघायची, आणि खाली लख्ख पत्रा दिसायचा.

उपाय सापडला तो दाढी करताना. पाती एकावर एक रचलेली होती. प्रत्येक पातं आरशासारखं चमकणारं, पण चळतीकडं धारेच्या बाजूनं पाहिलं तर ती कोळशासारखी काळी. दोन धारांच्या फटीत शिरलेला उजेड आतच आपटत राहतो, बाहेर येत नाही. मी दुकानातून पात्यांची पाकिटं उचलायला लागलो.

"सायेब, किती दाढ्या करता?" दुकानदार म्हणाला.

पाती पेट्रोलनं पुसून तेल काढलं, मधल्या खाचेतून दोन स्क्रू घालून चळत घट्ट आवळली. बोटं तीनदा कापली. चहापत्तीच्या डब्याला आतून काजळी धरली, तळाशी चळत बसवली, झाकणाला भोक पाडलं. डबा आरशाच्या मागं ठेवून आरसा सरकवला, तर किरण भोकातून आत गेला आणि नाहीसा झाला. छतावर, भिंतीवर, कुठंच काही नाही.

पण कारकुनानं घरमालकाचे कान भरले होते. मालक म्हणाले, "एकदा त्यांना घरात घेऊन दाखवा, न्हाई तर खोली खाली करा." दुसऱ्या दिवशी दोघं आले. मी आरसा बाजूला करून नळी चालू केली आणि डबा दाखवला.

"हे बघा, सगळा उजेड ह्याच्यात जातो. फक्त नळीच्या तोंडाकडं बघू नका. डोळ्याला वाईट."

"आम्हाला शिकवू नका," कारकून म्हणाले. आत काय दडवलंय ते बघायला त्यांनी डबा उचलून बाजूला केला, आणि डबा होता त्याच जागी नळीकडं तोंड करून वाकले. लाल ठिपका त्यांच्या गालावरून चष्म्याकडं सरकताना मला दिसला.

मी दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. ते खाटेवर आदळले, चष्मा फुटला.

"मारलं! ह्यानं मला मारलं!"

"डोळा गेला असता तुमचा!" मी ओरडलो.

मालक नळीकडं बघेनात, माझ्याकडंच बघत राहिले. रात्रीच्या जेवणाआधी बोळभर झालं, की मी म्हाताऱ्यावर हात टाकला. बायको जेवताना एवढंच म्हणाली, "वाचवायला ढकललं, खरंय. पण तुम्हाला ढकलायला बरंच वाटलं असंल." मी भात कालवत राहिलो.

महिनाअखेर खोली सोडली आणि आम्ही नव्या जालन्यात राहायला गेलो.

काही वर्षांनी मी नि बायको टेंभुर्णीला लग्नाला निघालो होतो, तेव्हा कारकून मला जालन्याच्या बसस्टँडवर दिसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मला ओळखून ते शेजारच्या माणसाला मोठ्यानं म्हणाले, "ह्याच माणसाच्या बत्तीनं माझा डोळा नासला."

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. बायकोनं माझी बाही ओढली. पण मी थांबलो.

"दुसरा शाबूत आहे ना, काका?" मी म्हणालो. "तो माझ्यामुळं आहे."

ते बाकावरून उठायला गेले, काठी हातातून निसटून पडली. ती बायकोनं उचलून दिली. मी दिली नसती. टेंभुर्णीवरून जाणारी जाफराबादची गाडी लागली होती. आम्ही चढलो.