शून्य रुपयांचं कोटेशन

मौद्याजवळच्या एका शाळेत मी गणित शिकवायचो. नागपूरहून रोज बसनं जाणं-येणं. एका कंपनीनं शाळेला बारा जुने संगणक दिले आणि गणिताचा मास्तर म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. संगणक ठणठणीत होते, पण आत ऑपरेटिंग सिस्टीमच नव्हती. दहावीच्या वर्गात मी छाती ठोकून सांगितलं, पंधरा दिवसांत तुमच्या हातात माउस देतो. असं बोल म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं.

नेहमीच्या सिस्टीमचे बारा परवाने शाळेला झेपणारे नव्हते. म्हणून मी एक ओपन सोर्स सिस्टीम शोधली. कायदेशीर, मराठी चालणारी आणि फुकट. तिची विकतची आवृत्तीही होती, पण तिच्यातली जास्तीची सजावट आम्हाला काय करायची होती? फुकटची पेनड्राइव्हवर घेतली, खिशात टाकली आणि मुख्याध्यापकांकडे गेलो.

"फुकट कोणी काही देते का सर?" ते म्हणाले. "उद्या ऑडिटवाल्यानं विचारलं तर मी काय दाखवू त्याले? तीन कोटेशन आणा."

ज्या वस्तूला किंमतच नाही, तिची तीन कोटेशनं. मला संताप आला आणि मी तो गिळला. गिळण्यात मी पहिल्यापासून हुशार. दोन दुकानदारांनी विकतच्या आवृत्तीचे दर लिहून दिले. तिसऱ्या भल्या माणसानं फुकटच्या आवृत्तीपुढे शून्य लिहिलं.

"शून्य म्हणजे दर भरलाच नाही सर," आमच्या ऑफिसातले बाबू म्हणाले आणि ते कोटेशन बाद झालं. मग परवान्याची प्रत मागितली गेली. कोणीही वापरा, कोणालाही द्या, असं लिहिलेला तो परवाना मी छापून जोडला. त्यावर शेरा आला, सही-शिक्का नाही.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी दर शनिवारी विचारायची, "सर, आज कंप्युटरची खोली उघडून राहिले का?" मी पुढच्या शनिवारचं सांगायचो. दिवाळी गेली, सराव परीक्षा झाली. निरोप समारंभाच्या दिवशी तिनं विचारलं नाही. मला हायसं वाटलं, याची आजही लाज वाटते.

मागच्या महिन्यात बायकोच्या तपासणीसाठी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बसलो होतो. फायलींचा गठ्ठा घेऊन एक बाई थांबली आणि वाकून पाया पडली. तीच ती. इथं काउंटरवरच्या नोकरीसाठी आली होती, पण संगणकावर हात चालेना म्हणून फायली पोचवायला ठेवलं, असं तिनं सहज सांगितलं.

"ते कंप्युटर चालू झाले का सर मंग?"

नाही म्हणालो. मग का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं, खिशातल्या पेनड्राइव्हसकट.

तिनं गठ्ठा दुसऱ्या हातावर घेतला. "तुमच्याजवळच होतं, तं टाकून काहून नाही दिलं सर? कोण पाहाले येत होतं?"

ऑडिटवाला आला होता. त्यानं खिडकीतूनच बारा संगणक मोजले, सही केली आणि चहा पिऊन निघून गेला. खोलीचं कुलूपसुद्धा त्यानं काढायला लावलं नव्हतं. हे मात्र मी तिला सांगितलं नाही.