बुशांना पाजलेलं तेल

रबर जळल्याचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातलं जोगेश्वरीचं एक गॅरेज आठवतं. ज्या मामाने मला गावाहून आणून बी.एस्सी. केलं, त्याची जुनी टॅक्सी खड्ड्यात खडखडायची, म्हणून तिथल्या मिस्त्रीने पुढच्या चाकांच्या सांध्यांत धक्के झेलणारे, झिजलेले रबरी बुश जाळून काढले आणि नवे ठोकले. नवे बुश करकरू लागले, तेव्हा मामाचे उपकार थोडे तरी फिटावेत म्हणून मी दर रविवारी गाडीखाली शिरून त्यांना इंजिनचं तेल पाजू लागलो. दोन महिन्यांत खडखड परत आली. मिस्त्रीने खोलून पाहिलं, तर बुश फुगून मळलेल्या पिठासारखे मऊ झाले होते. “नकली माल घातलास मेल्या!” म्हणत मामाने जॅकचा लोखंडी दांडा उचलला. पहिला फटका मिस्त्रीच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर, तिसऱ्याने भुवई फुटली आणि त्याचा अर्धा चेहरा रक्ताने भरला. “मामा, तेल मी घालत होतो!” मी ओरडलो. मामाने दांडा टाकला आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी टायरांच्या ढिगावर कोसळलो. मिस्त्री भुवईवर फडकं दाबत म्हणाला, “रबराला तेल? आणि म्हणे शिकलेला! आता नायलॉनचे घालतो, मग पाज किती पाजायचं ते.” भाचा खरं बोलला, असं मामा पुढे सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. आज तो नाही. बुशांवरून ओघळणारं तेल मी पहिल्या फटक्याआधीच पाहिलं होतं आणि चूक माझीच हे ओळखलं होतं, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.