साईनाथशेठची पंचवीस मांजरं

माणसं राग कुठेकुठे साठवतात. कोणी पोटात ठेवतो, कोणी डोक्यात. कोणी भावकीच्या लग्नाला जातो आणि न जेवता परत येतो. कल्याणजवळच्या दिवा गावातल्या दर्शनाने आपला राग लाकडावर साठवला, आणि तोही टक्केवारीने.

दर्शनाचं वय बेचाळीस. दिव्यात पत्र्याचा एक गाळा, गाळ्यात साठ वॅटचं लेझर मशीन. लाकडावर नावं कोरायची, पातळ प्लाय कापून मखरं, घड्याळं, लग्नाच्या आमंत्रणाच्या पेट्या करायच्या. लाकूड नवीन आलं की आधी टाकाऊ तुकड्यावर चाचणी घ्यावी लागते. जोर किती ठेवायचा आणि वेग किती, हे त्याशिवाय कळत नाही. बाकीचे लोक चाचणीला साधे चौकोन काढतात. दर्शना मांजर काढायची. दहा टक्के जोराचं मांजर नुकतंच जन्मल्यासारखं फिकट, वीसचं गव्हाळ, तीसचं खरपूस तपकिरी, पन्नासचं काळंकुट्ट. सत्तरच्या वर जाऊन वेग कमी केला, की मांजर खाली पडायचं आणि फळीला मांजराच्या आकाराचं भोक राहायचं. हे शेवटचं काढताना तिला विशेष समाधान मिळे.

कारण असं. दिव्याला येण्याआधी बारा वर्षं ती कल्याणला साईनाथशेठच्या दुकानात मशीन चालवत होती. स्मृतिचिन्हं, नामफलक, शाळांच्या ढाली. साईनाथशेठ माणूस वाईट नव्हता. फक्त दुकानात जे जे चांगलं होई ते आपल्यामुळे, आणि जे जळे ते लाकडामुळे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दुकानाला वीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी व्यापाऱ्यांना बोलावून सत्कार करून घेतला. स्वतःच्या सत्काराचं स्मृतिचिन्ह त्यांनी स्वतःच्याच दुकानात, दर्शनाकडून करून घेतलं होतं. पाहुण्यांपैकी एकजण ते हातात घेऊन म्हणाला, "काय कोरलंय हो. या ताईंनी का?"

शेठ हसले. "अहो, मशीनचं काम ते. बटण काय, आमच्या घरचं मांजरसुद्धा दाबेल."

सगळे हसले. दर्शनाच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. तिने सगळ्यांना पेढे दिले, शेठना दोन दिले, आणि महिन्याभरात नोकरी सोडली.

त्याला तीन वर्षं झाली. दिव्यात संसार आणि लेझर एकत्र चालवणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. लेझरची नळी गार ठेवायला पाणी लागतं आणि दिव्यात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं. तिचा नवरा महेंद्र अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचा आणि मशीनशेजारच्या भरलेल्या पिंपाकडे सवतीकडे बघावं तसं बघायचा. पण दर्शनाचं काम वाढत गेलं, आकडे लिहायची वही भरत गेली आणि मांजरांनी गाळ्याची एक अख्खी भिंत व्यापली.

एका गुरुवारी सकाळी फोन वाजला.

"अगं दर्शना, साईनाथ बोलतोय. कशी आहेस बरं ऐक, जुनं सागवान आहे, अक्षरं कोरायचीत. तुझे आकडे काय असायचे?"

कशी आहेस आणि बरं ऐक, यांच्यामध्ये उत्तर ठेवायला टाचणीएवढीही जागा नव्हती.

"तुमचा ऑपरेटर कुठाय?"

"गावी गेला. टिकतात कुठे पोरं. नवीन मशीन घेतलं मी, एकशेतीस वॅटचं, पाच फुटी टेबल. मोठं काम आहे. तू वहीत लिहायचीस ना सगळं?"

दर्शनाने भिंतीवरच्या मांजरांकडे पाहिलं. मग वही उघडली आणि शांतपणे, सावकाश, अगदी खरे आकडे वाचून दाखवले. "तीस टक्के. वेग तीनशे. वरून कागदी पट्टी चिकटवा, म्हणजे धुराचा डाग बसणार नाही."

"तीस, तीनशे, पट्टी. चल, ठेवतो."

फोन ठेवून तिने शिरा केला. गुरुवारी, काही कारण नसताना. महेंद्र वाटीकडे बघत म्हणाला, "काय झालं?"

"शेठना मदत केली."

महेंद्रने वाटी खाली ठेवली.

"अहो, खरेच आकडे दिले. पण ते साठ वॅटचे आहेत. पूर्वी दुकानात साठचंच मशीन होतं. साठचे तीस टक्के म्हणजे अठरा वॅट. एकशेतीसचे तीस म्हणजे एकोणचाळीस. दुपटीच्या वर."

"मग काय होईल?"

"अक्षरांची पोटं भरून निघतील कोळशाने. कोपऱ्यावर मशीन मंद होतं, तिथे तर खड्डेच. आपल्या अक्षरांना कोपरे आणि गाठी किती. म्हणे मांजर दाबेल बटण. दाबू दे."

"सांगायचं ना त्याला."

"त्याने टक्के विचारले, मी टक्के दिले. वॅट विचारले असते तर वॅट दिले असते. घ्या, बदाम घातलेत."

शिरा अर्धा झाला असेल नसेल, दुसरा फोन आला. या जाईबाई. वय ब्याऐंशी. कल्याणच्या एका चाळीतल्या महिला वाचनालयाच्या चौदा संस्थापिकांपैकी आता एकट्या उरलेल्या. कामावरून परतताना पिशवीतून पुस्तकं गोळा करून आणणाऱ्या त्या चौदाजणींत दर्शनाची आजी गोदाबाईही होती.

"जयभीम पोरी. संध्याकाळी ये. चाळ पाडली तेव्हा वाचनालयाच्या दाराची एक सागाची फळी मी घरी आणून ठेवलेली, खाटेखाली. तिच्यावर आम्हा चौदाजणींची नावं कोरतोय. तुझी आजी सातवी. नव्या वाचनालयात लावायची."

दर्शनाच्या तोंडातला घास तिथेच राहिला. "कुठे कोरताय, आजी?"

"तो साईनाथ आहे ना. फळी पाच फुटी, त्याच्याकडेच मावते म्हणे. मी दुकानातच बसलेय. तो पट्टी का काय ती चिकटवतोय."

"आजी, मी येईपर्यंत ती फळी मशीनमध्ये जाऊ देऊ नका."

"का गं?"

"आल्यावर सांगते."

"बरं," जाईबाई म्हणाल्या. "मी तिच्यावर बसते."

शेठना तीन वेळा फोन लावला. उचलला नाही. दर्शना वही घेऊन रिक्षात बसली. शीळफाट्यावर ट्रकांची रांग जिथे लागते तिथे लागलीच होती. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि मान मागे टेकवली. तीन वर्षं जो जाळ पाहायची तिने वाट पाहिली, तो आता आजीच्या नावाला लागणार होता आणि आकडे तिच्याच वहीतले होते. त्या ट्रकांच्या मागच्या सगळ्या शायऱ्या तिच्या पाठ झाल्या. तरी मनातला राग कमी होईना. उलट वाढला. सूड घ्यायची इतकी सोपी संधी आली, आणि तीही या माणसाने धड मिळू दिली नाही.

ती पोचली तेव्हा फळी दुकानातल्या बाकावर होती आणि जाईबाई फळीवर. हातात चहाचा चौथा कप. साईनाथशेठ त्यांच्यासमोर हवालदिल उभे.

"बरं झालं आलीस," शेठ म्हणाले. "या आजींना सांग. म्हणतात चहा संपल्याशिवाय उठणार नाही, आणि संपला की दुसरा मागतात."

"आकडे बदला," दर्शना म्हणाली. "ते माझ्या साठच्या मशीनचे होते. तुमच्या एकशेतीसवर तीस लावलं असतं तर फळी गेली असती."

शेठच्या डोक्यात हिशेब हळूहळू उतरला. "पण मी तर तुला एकशेतीस सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

जाईबाईंनी कप खाली ठेवला.

"का पण?" शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच दुखावलेला होता, आणि दर्शनाला तेच सहन होईना.

"तुमच्या घरच्या मांजराला विचारायचे होते आकडे. बटण दाबतं ना ते."

"कुठलं मांजर?"

"सत्काराच्या दिवशी म्हणालात ते."

शेठनी बराच विचार केला. "आमच्याकडे मांजर कधी नव्हतंच गं. हिला केसांचा त्रास होतो."

तीन वर्षं. एक अख्खी भिंत. आणि या माणसाला आठवतसुद्धा नव्हतं. दर्शनाने सगळं सांगितलं, पाहुणा, पेढ्यांचं ताट, हसणं, शेठना दिलेले दोन पेढे. जाईबाई मध्येच एकदा "हो का रे?" म्हणाल्या आणि शेठनी जमिनीकडे पाहिलं.

"चुकलंच असेल," ते म्हणाले. "आता फळीचं बघ. तुझे पाय धरतो."

"पाय नकोत. याच फळीचा कापलेला तुकडा आहे?"

तुकडा होता. हातभर. दर्शना मशीनसमोर बसली. जाईबाई जवळ सरकल्या. "हिशेब केलास ना? किती आले?"

"चौदाच्या आसपास."

"मग लाव चौदा."

"हिशेब वॅटचा असतो, आजी. हे लाकूड तुमच्या खाटेखाली वाळलंय. त्याचं त्यालाच विचारावं लागतं."

आणि तिने विचारलं. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच. वरून खाली जोर वाढत जाणारा, डावीकडून उजवीकडे वेग वाढत जाणारा. पंचवीस मांजरं. प्रत्येकाच्या शेपटीखाली त्याचे आकडे. दुसऱ्या ओळीतलं चौथं जाईबाईंना पसंत पडलं. बारा टक्के, वेग तीनशे. दर्शनाने कोपऱ्यांसाठी जोर आणखी उतरवला आणि मग फळी आत गेली.

चौदा नावं निघायला दोन तास लागले. पट्टी सोलताना जाईबाईंनी प्रत्येक नाव बोटाने वाचलं. सातव्यावर त्या थांबल्या आणि बाजूला झाल्या. दर्शनाने बोट ठेवलं. गोदाबाईंच्या अक्षरांत कुठेही कोळसा नव्हता.

मग तिने स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि मांजरांचा तुकडा मशीनच्या बरोब्बर वर, गिऱ्हाइकाला आत शिरताच दिसेल असा भिंतीवर स्क्रूने घट्ट बसवला.

"हा काढायचा नाही. या मशीनवर सागवानाला जोर किती, ते याच्यात आहे. नुसते आकडे उतरवून भागणार नाही, रंग डोळ्यांनी बघावा लागतो. आणि कोणी विचारलं, ही मांजरं कसली, तर सगळं सांगायचं. सत्कारापासून."

"सगळं?"

"पेढ्यांसकट."

शेठ जाईबाईंकडे आशेने वळले. जाईबाई पिशवी आवरत म्हणाल्या, "मी दर शनिवारी इथूनच जाते."

आणि त्या खरंच येऊ लागल्या. पहिल्या शनिवारी दारात उभ्या राहून विचारलं, "साईनाथ, ही मांजरं कसली रे?" आणि खुर्ची ओढून बसल्या. दुसऱ्या शनिवारी दोन मैत्रिणी आणल्या. गिऱ्हाइकंही विचारू लागली. शेठ घाम पुसत, खालच्या आवाजात सांगायचे. दिव्यात बसून दर्शना या बातम्या चवीने ऐकायची. भिंतीवरची जुनी मांजरं तिने उतरवली आणि बंबात घातली.

तीन महिन्यांनी जाईबाईंचा फोन आला.

"अगं, आता फार छान सांगतो तो. तुझा आवाज काढतो, पाहुण्याचा काढतो, अगदी पोपटासारखा. काल तर लोक मुद्दाम ऐकायला आलेले. सहाजणांनी तिथेच पाट्या करायला दिल्या. आणि सांगतो काय, दुसऱ्या ओळीतलं चौथं मांजर म्हणजे आपलं खास, आपणच निवडलेलं."

दर्शनाने फोन ठेवला. मग टाकाऊ प्लायचा एक कोरा तुकडा घेतला, मशीनमध्ये सरकवला आणि वहीचं नवं पान उघडलं.

संध्याकाळी महेंद्र घरी आला तेव्हा प्लायवर पाच फिकट पोपट होते.

"हे आता कशाला?" त्याने विचारलं.

"अजून दहा टक्क्यांवरच आहे," दर्शना म्हणाली. "बघू कुठवर जातंय."