आजोबा असताना आजोबांचं नाव

जेद्दात आमच्या प्लांटवर एक नेपल्सचा इंजिनिअर होता. त्याचं आडनाव सांगायला हरकत नाही, कारण त्याच्या गावात ते गल्लोगल्ली सापडतं: एस्पोझितो. जेवणाच्या सुट्टीत आमचा आडनावांचाच खेळ चालायचा. त्यांचे बियांकी म्हणजे आमचे पांढरे, नेरी म्हणजे काळे, फेर्रारो म्हणजे लोहार, आणि रोमानो, नापोलितानो हे आमच्या गावावरून पडलेल्या 'कर' मंडळींसारखे. मला मोठी गंमत वाटायची.

एकदा मी त्याच्याच आडनावाचा अर्थ विचारला. उघड्यावर ठेवलेलं मूल, तो म्हणाला. कुणा एका पूर्वजाला जन्मतःच अनाथाश्रमाच्या दारात ठेवून गेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र शांतपणे जेवत होता. आडनावात बापाचा पत्ताच नाही, म्हणून त्यांच्या घरात पहिल्या मुलाला आजोबांचंच नाव देतात. तशी तिकडे पद्धतच आहे, पण त्यांच्या घरात ती फार कडक. आणि तेही आजोबा जिवंत असतानाच.

"त्यांना ऐकायला मिळायला हवं ना," तो म्हणाला.

पुढे काही दिवसांनी मला मुलगा झाला आणि तिकडे नाशिकला बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नाव ठेवल्याशिवाय पासपोर्ट नाही, पासपोर्टशिवाय बाळाला घेऊन निघता येत नाही. ओल्या बाळंतिणीला परक्या मुलखात एकटं टाकून मी तरी कसा जाणार? जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि डोक्यात त्या माणसाचं वाक्य. बायकोला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, मग बाबांचंच नाव ठेवू या.

बोलायला सोपं आहे हो! आमच्या घरात आजोबांचं नाव नातवाला देतात ते आजोबा गेल्यावर. असत्या माणसाचं नाव पाळण्यात घालायचं म्हणजे त्याला जिवंतपणीच मोडीत काढायचं. त्यात ऑपरेशन तोंडावर आलेलं. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून ताईला फोन केला.

"बाबा अजून आहेत रे," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मी चिडलो. तिच्यावर, स्वतःवर, आणि त्या इटालियन माणसावर तर फारच. काय गरज होती याला मला हे सांगायची? जेवण जाईना, झोप लागेना. बाबांना वाटेल, पोराने परस्पर आपली निरवानिरव करून टाकली. तेच मनात घेऊन ते टेबलावर झोपले आणि उठलेच नाहीत तर? पण त्यांना न विचारता ठेवणंही जमेना. शेवटी फोन लावला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

बाबा जरासे खोकले. मग म्हणाले, "ठेव. पण हाक त्याच नावाने मारायची. घरात बंड्या-पिंट्या चालणार नाही."

"आणि आई?" मी विचारलं. आईने ते नाव उखाण्याबाहेर कधी तोंडातून काढलेलं नाही.

"तेच तर ऐकायचंय," बाबा म्हणाले.

ऑपरेशन नीट पार पडलं, हे आत्ताच सांगून टाकतो. असल्या गोष्टी अडवून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्या सकाळी ते कुणाला ठाऊक होतं? बाबांना स्ट्रेचरवर घेतलं होतं. आईने व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. इकडे मी बाळाला घेऊन उभा. बाबांचा चष्मा काढून ठेवलेला, त्यांना धड काही दिसेना. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती. वॉर्डबॉय म्हणाला, चला आता. आणि बाळ आपलं डोळे मिटून पडलेलं.

तेव्हा आईने बाळाला हाक मारली. अख्खं नाव घेऊन, मोठ्याने, भर कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांदेखत. बाळ ढिम्म.

स्ट्रेचरवरून बाबा म्हणाले, "ओ."